प्लग कुठे बसवायचा? एचपी डेस्कजेटच्या साठ्याचे एक प्रकरण

१९९० च्या सुमारास ह्युलेट-पॅकार्ड, म्हणजेच एचपी, या कंपनीच्या युरोपातील वितरण केंद्रात दोन तक्रारी एकाच छताखाली नांदत होत्या. डेस्कजेट प्रिंटरचा माल गरजेपेक्षा कितीतरी जास्त साठला आहे, ही पहिली. आणि विक्रेत्याने मागितलेला डेस्कजेट देता येत नाही, ही दुसरी. दोन्ही खऱ्या होत्या. एका देशासाठी तयार केलेले प्रिंटर गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून राहत आणि त्याच आठवड्यात शेजारच्या देशाची मागणी भागवायला माल नसे. प्रिंटर आतून एकच होता. फरक होता तो विद्युत दाबानुसार बसवलेल्या वीजपुरवठ्याच्या भागाचा, प्लगच्या पिनांचा आणि सोबतच्या माहितीपुस्तिकेच्या भाषेचा.

हे प्रकरण व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत गेली तीसेक वर्षे शिकवले जात आहे. बहुतेक ठिकाणी ते सुरक्षित साठ्याच्या, म्हणजे मागणी अचानक वाढली तरी तुटवडा पडू नये म्हणून ठेवायच्या जादा मालाच्या, सूत्राचे उदाहरण म्हणून येते आणि सूत्र फळ्यावर मांडून झाले की संपते. माझ्या मते त्यातला खरा मुद्दा सूत्राच्या अलीकडे आहे. गोदामात माल का साठला, हे गोदामात उभे राहून कळण्यासारखे नव्हते. त्याचे मूळ प्रिंटरच्या रचनेत आणि कोणते काम कोणत्या ठिकाणी करायचे या जुन्या वाटणीत होते, आणि ती वाटणी बदलायला कोणत्याच विभागाला स्वतःहून कारण नव्हते.

व्हँकुव्हरचा कारखाना

डेस्कजेट बाजारात आला १९८८ साली. शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर उडवून छापणारा, साध्या कागदावर चालणारा आणि लेझर प्रिंटरच्या मानाने स्वस्त असा हा प्रिंटर सुरुवातीला सुमारे १,००० डॉलरला मिळत असे. आज ती किंमत ऐकून हसू येईल, पण त्या काळी टेबलावर ठेवता येणाऱ्या आणि लेझरच्या जवळपास जाणारी छपाई देणाऱ्या यंत्राची ती आकर्षक किंमत होती. मागणी वेगाने वाढली. १९९० मध्ये सुमारे सहा लाख प्रिंटर विकले गेले.

हे सगळे प्रिंटर अमेरिकेतील व्हँकुव्हर येथे तयार होत. हे व्हँकुव्हर कॅनडातले नव्हे. ते वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी, पोर्टलंड शहराच्या समोर आहे. कारखान्यातील काम दोन मुख्य टप्प्यांत चाले. पहिल्या टप्प्यात इंटिग्रेटेड सर्किट आणि कोरे सर्किट बोर्ड यांच्यापासून प्रिंटरचे लॉजिक बोर्ड आणि छपाईचे मुंडके चालवणारे बोर्ड तयार होऊन तपासले जात. दुसऱ्या टप्प्यात हे बोर्ड, मोटर, केबल, बटणांचे पॅनेल, गिअर, प्लॅस्टिकचा सांगाडा आणि बाहेरचे कवच यांची जुळणी होऊन अखेरची चाचणी होई. कच्च्या भागांपासून तयार प्रिंटरपर्यंतचा हा प्रवास साधारण आठवडाभराचा होता.

याच दुसऱ्या टप्प्यात प्रिंटरचा देश ठरे. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची, जपानात १०० व्होल्टची, तर युरोपात त्या काळी देशानुसार २२० किंवा २४० व्होल्टची. ब्रिटनचा प्लग चपट्या तीन पिनांचा, जर्मनीचा दोन गोल पिनांचा, स्वित्झर्लंड आणि इटलीचे आणखी वेगळे. ज्या देशात माल जायचा, तिथला वीजपुरवठ्याचा भाग आणि प्लग कारखान्यातच बसवला जाई, तिथल्या भाषेतली पुस्तिका खोक्यात टाकली जाई आणि खोके बंद होई. या क्षणानंतर जर्मनीसाठी बांधलेला प्रिंटर फ्रान्सच्या गिऱ्हाइकाला द्यायचा, तर खोके उघडून आतले भाग बदलावे लागत.

कारखान्याच्या चार भिंतींच्या आत पाहिले, तर हा कारखाना अजिबात ढिसाळ नव्हता. व्हँकुव्हरच्या मंडळींनी जपानी पद्धतीची कानबान व्यवस्था फार लवकर आणि मनापासून स्वीकारली होती. पुढच्या टप्प्याने मागितल्याशिवाय मागच्या टप्प्याने भाग बनवायचे नाहीत, हा कानबानचा मूळ नियम. त्याच्या बळावर कारखान्यातला साठा साडेतीन महिन्यांवरून एका महिन्याच्याही खाली, ०.९ महिन्यावर आला होता. इतर कारखान्यांतले लोक ही व्यवस्था पाहायला येत. प्रकरणाचा पेच नेमका इथेच आहे: ज्या कंपनीने आपल्या शॉप फ्लोअरवरचा साठा जवळजवळ पाऊण हिश्श्याने कमी करून दाखवला, तिच्याच वितरण केंद्रांत तयार मालाचे ढीग लागले होते.

समुद्रातला महिना

कारखान्यातून निघालेला माल तीन भागांत विभागून तीन वितरण केंद्रांकडे जाई: एक उत्तर अमेरिकेसाठी, एक युरोपसाठी आणि एक आशियासाठी. अमेरिकेतील केंद्र कॅलिफोर्नियात होते. तिथे माल ट्रकने दिवसभरात पोहोचे. युरोप आणि आशियाकडे तो जहाजाने जाई आणि बंदरातली हाताळणी, समुद्रप्रवास आणि सीमाशुल्काचे सोपस्कार धरून त्याला चार ते पाच आठवडे लागत.

याचा अर्थ असा की, युरोपात पुढच्या महिन्यात किती जर्मन आणि किती ब्रिटिश प्रिंटर खपतील याचा अंदाज व्हँकुव्हरमध्ये आजच करावा लागे. एकूण युरोपात किती डेस्कजेट खपतील हा अंदाज बऱ्यापैकी जमत असे. देशवार अंदाज मात्र सतत चुके. त्यात कोणाचा गाढवपणा नव्हता. लहान आकड्याचा अंदाज मोठ्या आकड्याच्या अंदाजापेक्षा प्रमाणाने जास्तच चुकतो. गावात उद्या किती लिटर दूध खपेल हे डेअरीवाला सांगू शकतो, पण तिसऱ्या गल्लीतल्या दुसऱ्या घरी उद्या पाहुणे येणार की नाही हे त्याला कसे कळावे?

कानबानची मर्यादाही इथे उघडी पडते. कारखान्याच्या आत पुढच्या टप्प्याची मागणी काही तासांत मागच्या टप्प्याला कळते, म्हणून साठा न ठेवता काम चालते. कारखान्याच्या दारापासून युरोपातल्या दुकानापर्यंत मात्र महिन्याचे अंतर आहे. तेवढ्या अंतरावर माल अंदाजानेच ढकलावा लागतो आणि अंदाजाची प्रत्येक चूक वितरण केंद्रात खोक्यांच्या रूपाने जमा होते. कारखान्याने आपला साठा कमी केला होता, पण अनिश्चितता कमी केली नव्हती. ती साखळीच्या पुढच्या टोकाला जाऊन बसली.

विक्रेत्यांचेही म्हणणे रास्त होते. संगणकाची मोठी दुकाने स्वतःकडे फार साठा ठेवायला तयार नव्हती, कारण या क्षेत्रात नवे मॉडेल आले की जुन्याची किंमत घसरते. मागितल्याबरोबर माल मिळाला पाहिजे, नाहीतर शेजारी दुसऱ्या कंपनीचा प्रिंटर आहेच. त्यामुळे कंपनीने ९८ टक्के वेळा माल हजर असला पाहिजे असे लक्ष्य ठेवले होते आणि ते गाठायचे तर साठा वाढवण्यापलीकडे वितरण केंद्राच्या हातात काही नव्हते.

जे उपाय पुढे आले

पहिला उपाय विमानाचा. माल जहाजाऐवजी विमानाने पाठवला तर महिन्याचे अंतर काही दिवसांवर येते आणि अंदाजाची गरजच कमी होते. पण प्रिंटर ही वजनाने आणि आकाराने मोठी, किंमत घसरत जाणारी वस्तू आहे. प्रत्येक नगावर विमानाचे भाडे चढवले तर नफ्याचा मोठा वाटा भाड्यातच जातो. तुटवड्याच्या वेळी थोडा माल विमानाने मागवणे ठीक, पण त्यावर व्यवस्था उभी करता येत नाही.

दुसरा उपाय युरोपात वेगळा कारखाना काढण्याचा होता. त्यासाठी सर्किट बोर्डाची यंत्रसामग्री, चाचणीची यंत्रणा आणि प्रशिक्षित माणसे दुसऱ्यांदा उभी करावी लागली असती, आणि एका खंडाच्या मागणीवर तो खर्च भरून निघणे अवघड होते. तिसरा उपाय म्हणजे अंदाज सुधारणे. तो नेहमीच सुचवला जातो, कारण त्याला कोणी विरोध करत नाही. त्यात कोणाचेच काम बदलत नाही. चौथा, साठा आणखी वाढवणे, म्हणजे जो आजार तोच औषध म्हणून घेणे.

एचपीने आपल्या आतच गणिती प्रारूपे करणारा एक छोटा गट ठेवला होता, स्ट्रॅटेजिक प्लॅनिंग अँड मॉडेलिंग नावाचा. कोरी बिलिंग्टन त्याच्याशी संबंधित होते आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक हाऊ ली यांनी त्यांच्याबरोबर काम केले. त्यांनी प्रश्न वेगळ्या जागी नेऊन ठेवला. किती माल ठेवायचा हे विचारण्याआधी, प्रिंटर जर्मन किंवा ब्रिटिश नेमका कुठे होतो आणि तो तिथेच व्हायला हवा का, हे त्यांनी विचारले.

वर्गमुळाचा हिशेब

पुढचे आकडे मी समजावून सांगण्यासाठी घेतले आहेत. ते कंपनीचे नाहीत. समजा युरोपात प्रिंटरचे सहा प्रकार जातात आणि प्रत्येकाची मागणी आठवड्याला सरासरी १,००० नग आहे, पण ती वरखाली होते आणि तिचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून हटण्याचे नेहमीचे माप, ५०० नग आहे. जहाजाचे चार आठवडे धरले, तर त्या काळातले विचलन चारपट होत नाही, चारच्या वर्गमुळाइतके म्हणजे दुप्पट होते: १,००० नग. ९८ टक्के वेळा माल तुटू नये यासाठी या विचलनाला सुमारे २.०५ ने गुणावे लागते. म्हणजे प्रत्येक प्रकारासाठी २,०५० नगांचा सुरक्षित साठा आणि सहा प्रकारांसाठी एकूण १२,३०० नग.

आता समजा सहाही देशांचा मिळून एकच, प्लग न लावलेला प्रिंटर ठेवला. एका देशात मागणी वाढते तेव्हा दुसऱ्यात ती घटण्याचीही शक्यता असते, म्हणून एकत्र विचलन सहापट न होता सहाच्या वर्गमुळाइतके, म्हणजे सुमारे २.४५ पट होते. त्याच ९८ टक्क्यांसाठी लागणारा साठा मग सुमारे ५,०२० नग भरतो. गिऱ्हाइकाला मिळणारी सेवा तीच, साठा निम्म्याहून कमी.

इथे एक सूचना करावीशी वाटते, कारण हा हिशेब उत्साहाने मांडताना ती गाळली जाते. समुद्रावर तरंगत असलेला माल या युक्तीने कमी होत नाही. आठवड्याला ६,००० नगांप्रमाणे चार आठवड्यांचे २४,००० नग कायम वाटेतच असतात, मग त्यांना प्लग लावलेला असो वा नसो; ते कमी करायचे तर प्रवासच कमी करावा लागतो. शिवाय सहाही देशांची मागणी एकाच वेळी वाढली किंवा एकाच वेळी कोसळली, जसे नाताळच्या आधी किंवा मंदीच्या वर्षी होते, तर वर्गमुळाचा फायदा आटतो. देशादेशांतले चढउतार एकमेकांशी जितके कमी बांधलेले, तितका एकत्र साठ्याचा लाभ जास्त. ज्या देशाची मागणी मुळातच थोडी आणि बेभरवशाची आहे, त्याला या व्यवस्थेत सर्वांत जास्त फायदा होतो, कारण त्याच्यासाठी वेगळा ढीग ठेवण्याची गरजच राहत नाही.

प्रिंटर बदलावा लागला

हिशेब पटला तरी तो लगेच अमलात आणता येत नव्हता. वीजपुरवठ्याचा भाग जुळणीच्या वेळी आत बसवला जात होता. तो गोदामात बसवायचा, तर गोदामातल्या माणसाला स्क्रू काढून प्रिंटर उघडावा लागला असता आणि मग चाचणीही पुन्हा घ्यावी लागली असती. म्हणून आधी रचना बदलली. वीजपुरवठा हा वेगळा, बाहेरून खुपसता येईल असा भाग झाला. प्रिंटर सर्वांसाठी एकच तयार होऊन, चाचणी पूर्ण होऊन, कोणत्याही देशाचे नाव न लागता युरोपच्या केंद्राकडे निघू लागला. देशाप्रमाणे वीजपुरवठा, पुस्तिका आणि पॅकिंग तिथे ऑर्डर आल्यानंतर त्याला मिळू लागले.

एवढ्यावर न थांबता हे वेगळे भाग विकत घेण्याची जबाबदारीही वितरण केंद्राकडे दिली गेली. ही बाब वरवर किरकोळ वाटते, पण तिचे वजन मोठे आहे. पुस्तिका आणि प्लग अमेरिकेत खरेदी करून, प्रिंटरसोबत समुद्र ओलांडून परत युरोपात आणण्याऐवजी ते जवळच्या पुरवठादाराकडून घेता येऊ लागले. हजार डॉलरच्या आसपासच्या वस्तूचा साठा कमी करून त्याच्या जागी काही डॉलरच्या भागांचा साठा ठेवणे, हा त्यातला खरा व्यवहार. जर्मन पुस्तिका चार पेट्या जास्त पडून राहिल्या, तर त्यात कोणाचे मोठे भांडवल अडकत नाही.

कोणाच्या खात्यावर

वितरण केंद्राच्या लोकांना ही कल्पना सहज पचली नाही, आणि मला त्यांची अडचण समजते. त्यांचे काम माल उतरवून घेणे, रॅकमध्ये लावणे, ऑर्डरप्रमाणे काढणे आणि रवाना करणे हे होते. त्यांची कामगिरीही त्यावरूनच मोजली जात होती. आता त्यांना जुळणीचा बाक, भागांची यादी म्हणजे बिल ऑफ मटेरियल, पुरवठादार, गुणवत्ता तपासणी आणि चुकीचा प्लग गेल्यास त्याचा दोष, हे सगळे घ्यायचे होते. वितरण हे आमचे काम आणि उत्पादन हे कारखान्याचे, हा त्यांचा युक्तिवाद चुकीचा म्हणता येत नाही. तो जुन्या वाटणीत पूर्णपणे बरोबर होता.

दुसऱ्या बाजूला रचना बदलण्याचा खर्च कारखान्याच्या आणि डिझाइन विभागाच्या खात्यावर पडणार होता, तर वाचणारे व्याज, जागा आणि जुना होऊन स्वस्तात काढावा लागणारा माल हे सगळे वितरणाच्या खात्यात दिसणार होते. अशा वेळी प्रत्येक विभाग आपापल्या ताळेबंदापुरता शहाणपणाने वागला, तर कंपनी आहे तिथेच राहते. एचपीमध्ये हे सुटले ते संपूर्ण साखळीचा खर्च एका कागदावर मांडल्यामुळे: उत्पादन, वाहतूक आणि साठा यांची एकत्र बेरीज. निव्वळ उत्पादनाचा खर्च पूर्वीपेक्षा किंचित वाढला, कारण कारखान्यातल्या सलग लाइनवर होणारे काम आता अनेक ठिकाणी थोडे थोडे होऊ लागले. मात्र उत्पादन, वाहतूक आणि साठा मिळून होणारा एकूण खर्च २५ टक्क्यांनी उतरला.

हा निकाल वाचताना मी दर वेळी पहिल्या वाक्याशी थांबतो. उत्पादन खर्च वाढला. आपल्याकडच्या किती कारखान्यांत, प्रति नग खर्च वाढवणारा प्रस्ताव घेऊन उत्पादन व्यवस्थापक मालकासमोर उभा राहू शकेल आणि त्याचे पुढचे वाक्य ऐकून घेतले जाईल? महिनाअखेरच्या बैठकीत प्रति नग खर्चाचा तक्ता असतो, साठ्याचा तक्ता वेगळा असतो, आणि वाहतुकीची बिले बहुधा तिसऱ्याच टेबलावर असतात.

न्हावाशेव्याकडून पाहताना

या प्रकरणातली युक्ती आपल्याकडे वेगळ्या नावाने रोज दिसते. हार्डवेअरच्या दुकानात रंग घ्यायला गेलो, की दुकानदार पांढरट बेसचा डबा काढतो, शेड कार्डवरचा क्रमांक टिंटिंग मशीनला देतो, मशीन रंगद्रव्याचे मोजके थेंब डब्यात सोडते, मग डबा शेकरमध्ये मिनिट-दोन मिनिटे धडधडत हलतो आणि शेवटी झाकणावर त्या रंगाचा एक टिपका लावून तो आपल्या हाती येतो. मोजके बेस आणि डझनभर रंगद्रव्ये यांच्या जोरावर लहानशा दुकानात हजारो छटा ‘आहेत’ असे सांगता येते. छटा जितकी उशिरा ठरते, तितके कमी डबे ठेवावे लागतात. टिंट केलेला रंग दुकानदार परत घेत नाही, बेसचा सीलबंद डबा घेतो, यामागेही हेच कारण आहे. विणून झाल्यावर स्वेटर रंगवणाऱ्या इटलीच्या बेनेटनने कपड्यांत हेच केले होते, आणि इचलकरंजीच्या मागावरचे ग्रे, म्हणजे न रंगवलेले, कापड पुढे कुठेतरी रंगवले जाते तेव्हा तिथेही छटेचा निर्णय मागापाशी होत नाही.

निर्यातदाराला हा विचार आज अधिक जवळचा वाटायला हवा. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यानंतर न्हावाशेव्याहून युरोपकडे जाणारी बरीच जहाजे सुएझ कालवा टाळून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवासात साधारण दहा ते चौदा दिवसांची भर पडली. वरच्याच उदाहरणात चार आठवड्यांचे सहा आठवडे केले, तर वाटेतला माल २४,००० वरून ३६,००० नगांवर जातो, म्हणजे निम्म्याने वाढतो. सुरक्षित साठा मात्र वर्गमुळाने वाढतो, म्हणून तो सुमारे २२ टक्के वाढतो: सहा वेगळ्या प्रकारांत १२,३०० चे सुमारे १५,०६० होतात, एकच प्रकार ठेवला असेल तर ५,०२० चे ६,१५०. बँकेच्या कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची, मर्यादा त्या हंगामात का पुरली नाही, याचे उत्तर अनेकांना या दोन ओळींत सापडेल.

मात्र प्रत्येक वस्तूला बाहेरून खुपसायचा प्लग नसतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या किंवा पुण्याच्या पंप उद्योगाचे उदाहरण घेतले, तर अमेरिकेसाठी ६० हर्ट्झची मोटर आणि युरोपसाठी ५० हर्ट्झची, हा फरक मोटरच्या तारांच्या गुंडाळीत, म्हणजे वाइंडिंगमध्ये आहे. फिरण्याचा वेगच बदलत असल्याने पाणी ढकलणाऱ्या चक्राचा, म्हणजे इम्पेलरचा, व्यासही बदलतो. हा निर्णय गोदामापर्यंत लांबवता येत नाही. तरीही सगळाच फरक तितका आत नसतो. नेमप्लेट, पुस्तिका, कपलिंगवरचे गार्ड आणि लाकडी पेटीवरचा मजकूर हे शेवटी करता येते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे फ्लँजची, म्हणजे पाइप जोडायच्या गोल कडेची, भोके.

१०० मिलिमीटरच्या, म्हणजे चार इंची, फ्लँजचे दोन प्रकार शेजारी ठेवून पाहावेत. युरोपच्या पीएन १६ मानकात भोके आठ, पीसीडी (भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) १८० मिलिमीटर. अमेरिकी १५० क्लासमध्येही भोके आठच, पीसीडी १९०.५ मिलिमीटर. दुरून दोन्ही केसिंग, म्हणजे पंपाची बाहेरची कवचे, सारखीच दिसतात आणि एकदा ड्रिल झाल्यावर एकाची दुसरी होत नाही. केसिंग मशीनिंग करून, फ्लँजचा चेहरा घेऊन, पण भोके न पाडता रॅकमध्ये ठेवली आणि ऑर्डर पक्की झाल्यावर ड्रिलिंगला पाठवली, तर दोन ढिगांचा एक ढीग होतो. त्यासाठी फ्लँजची जाडी आणि बाहेरचा व्यास दोन्ही मानकांना चालेल असा पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, मुळातच काढावा लागतो, म्हणजे पुन्हा गोष्ट ड्रॉइंगवर येते, आणि थोडे जास्त बीड, म्हणजे ओतीव लोखंड, प्रत्येक नगात जाते.

शॉप फ्लोअरवरून यावर पहिली हरकत येईल ती ड्रिलिंगवाल्याची: लॉट लहान होणार, भोकांची जागा ठरवणारे जिग दिवसातून तीनदा बदलावे लागणार, आणि त्याचे सेटिंगचे तास वाढले म्हणून त्याचाच इन्सेंटिव्ह कापला जाणार. ही हरकत युरोपच्या वितरण केंद्रातल्या हरकतीची सख्खी बहीण आहे. तो बदल सुरू करण्याआधी त्या माणसाचे तास कोणत्या खात्यावर टाकायचे, हे लेखा विभागाने लिहून द्यायला हवे.